पाव फेरा सैल

टोपण घट्ट होतं.

मिस्त्रींनी टॉर्च खिडकीशी नेली आणि पुन्हा फिरवून पाहिली. बोटाएवढी टॉर्च. तिचं मागचं टोपण ते नेहमी पाव फेरा सैल ठेवत. मग खिशात बटण दाबलं गेलं तरी ती पेटत नाही आणि सेल वाया जात नाही. बारा वर्षांची सवय, झोपेतही चुकली नसती. जेवायला बसताना टोपण सैल होतं. जेवून बाकावर वीस मिनिटं डोळा लागला, उठून पाहतात तर घट्ट.

कोट खुंटीवर होता, टॉर्च कोटाच्या खिशात होती. म्हणजे कुणीतरी ती काढली, वापरली आणि गुपचूप परत ठेवली.

खोलीत दुसरा माणूस एकच. त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. इस्पितळाच्या लिफ्ट सांभाळणारे ते दोघंच.

"माझी टॉर्च घेतली होतीस?"

"मी कशाला घेऊ, दाजी? माझी आहे की." मेहुण्याने आपली टॉर्च वर करून दाखवली. लाटण्याएवढी, उजेड पांढराफटक.

मिस्त्रींना तसल्या टॉर्चचा तिटकारा होता. स्वतःची घेताना ते एक गंजका खिळा आणि एक तेलकट चिंधी घेऊन दुकानात गेले होते. दुकानदाराचा जीव खाऊन एकेक टॉर्च त्यांनी दोन्हींवर मारून पाहिली. जिच्यात गंज तांबडा आणि तेल काळं दिसलं, तीच घेतली. डोळे दिपवणारा उजेड काय चाटायचाय, रंग खरा दिसला पाहिजे, असं ते मेहुण्याला ऐकवत.

संध्याकाळी घरी त्यांनी टॉर्च खोलली. रविवारीच आटे स्पिरिटने पुसले होते, रबरी कड्याला ग्रीस लावलं होतं. आज आट्यांत काळं वंगण होतं आणि त्याला चिकटलेला करडा धुरळा. हा धुरळा कुठला, ते त्यांना विचारावं लागलं नाही. लिफ्टखालच्या खड्ड्यातला.



नियम असा होता, की रोज दुपारी एक ते दोन पाहुण्यांची लिफ्ट बंद करायची. मिस्त्रींनी शिडीने खड्ड्यात उतरायचं, दोर, पुली, बोल्ट तपासायचे आणि तक्त्यावर सही करायची. सही रोज होत होती. उतरणं मात्र सात आठवड्यांपासून बंद होतं. गुडघा वाकत नव्हता. ज्याला शिडी जमत नाही, त्याला मोठे साहेब सरळ घरी बसवत. मागच्या वर्षीच एकाला बसवलं होतं. मिस्त्रींच्या नोकरीचे आता अकराच महिने उरले होते. आणि त्यांच्या जागेवर येणारा पुढचा माणूस होता मेहुणा.

आता सगळं जुळत होतं. तो खाली उतरून साचलेल्या घाणीचे फोटो काढत असणार. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला दाजींची सही. साहेबांना आणखी काय हवं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"तुझा भाऊ माझ्या खिशात हात घालतो," ते बायकोला म्हणाले.

"तुमच्या खिशात आहे काय? ती बोटभर टॉर्च अन् खोकल्याच्या गोळ्या." तिने मान वर केली नाही. मिस्त्रींना तेही खटकलं. ही पण सामील आहे की काय?

पुढचे तीन दिवस टोपण घट्टच सापडलं. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी टॉर्चमध्ये एक संपत आलेला सेल घातला. असा सेल आत ठेवू नये, पाझरून टॉर्च खातो, हा त्यांचाच नियम. तो त्यांनी मोडला. पाच मिनिटं जळेल आणि विझेल. मग चोर अंधारात, हातात चोरीची टॉर्च.

जेवण झालं. ते बाकावर आडवे झाले आणि घोरू लागले. एक डोळा किलकिला होता. मेहुणा चवड्यांवर चालत खुंटीपाशी गेला, टॉर्च काढली, टोपण पिळलं आणि बाहेर पडला.

मिस्त्री भिंत धरत मागे निघाले. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. खड्ड्यात उजेड हलत होता. तो पिवळा झाला, मग लाल, मग विझला.

"सापडलास!" मिस्त्री ओरडले.

खालून आवाज आला, "दाजी? बरं झालं आलात. मोबाइलचा उजेड पाडा जरा. चार बोल्ट राहिलेत."

"फोटो किती काढलेस ते बोल!"

"कसले फोटो?"

मिस्त्रींनी उजेड खाली सोडला. खड्डा स्वच्छ झाडलेला होता. पुली पुसलेली, दोराला ताजं वंगण. मेहुणा उकिडवा बसला होता, हातात पाना, कोपरापर्यंत काळा.

"साहेबांनी पाठवलं तुला?"

"ताईने. गुडघा धरल्यावर तिसऱ्या दिवशीच तिने ओळखलं, तुम्ही कठडा धरून जिना चढता ते. त्यांच्याऐवजी तू उतर, पण दाजींना कळता कामा नये म्हणाली, त्यांना लागेल." त्याने कपाळाचा घाम दंडाला पुसला. "चार दिवसांपूर्वी दोर तांबडा वाटला. माझ्या टॉर्चमध्ये गंज की तेल, काही कळेना. म्हणून तुमची घेत होतो."

मिस्त्री दाराची चौकट धरून उभे राहिले.

"पहिले दोन दिवस सोडले," खालून मेहुणा म्हणाला, "तर तुमची एकही सही खोटी नाही, दाजी."