थोरलीच्या नोंदी

"ताई, या वहीत वेळा अगदी बरोबर लिहा हं. पेशंट दारात आल्यापासून डॉक्टरांनी आत घेईपर्यंत किती मिनिटं थांबला ते," धाकटी जाऊ म्हणाली आणि लॅपटॉप काखेत मारून वरच्या मजल्यावर गेली.

थोरलीने नुसती मान हलवली. एकोणीस वर्षं ती ओपीडीच्या या काउंटरवर बसत होती. आलेल्याचा चेहरा बघून, श्वास ऐकून कोणाला आधी आत सोडायचं ते ठरवायची. तिच्या खुर्चीचा एक पाय अजून पुठ्ठ्यावर उभा होता.

धाकटीला हॉस्पिटलात कामाला लागून महिना झाला नव्हता. तिने कॉम्प्युटरमध्ये अख्खी ओपीडी उभी केली होती. पडद्यावर माणसांचे ठिपके दारातून येत, रांगेत थांबत, खोल्यांत शिरत. एक डॉक्टर कमी केला तर रांग किती वाढेल, हे खऱ्या पेशंटला त्रास न देता कळायचं. बडे डॉक्टर तिच्या मागे उभे राहून बघत. घरी सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची धाकटी हॉस्पिटल चालवते." कोणी थोरलीचं विचारलं तर म्हणत, "ती पण तिथेच असते."

ते ऐकून थोरलीचा जेवणावरचा हात थांबायचा.

तिने विचार केला, माझ्या नोंदींत रांगच दिसली नाही तर हिचे ठिपके काय कामाचे? चाळीस मिनिटं ताटकळलेल्या म्हाताऱ्याच्या नावापुढे तिने बारा मिनिटं लिहिली. मग सगळ्यांचंच तसं केलं. गुरुवारी तिची सुट्टी. बदलीवरच्या बाईने कच्च्या कागदावर ऐंशी, नव्वद मिनिटं लिहिलेली असायची. वहीत उतरवताना थोरलीने तीही बारा-तेरावर आणली. एकच दिवस वेगळा दिसला तर संशय यायचा.

वही देऊन चार दिवस झाले. धाकटी खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ठिपके कुठे थांबतच नाहीत, ताई. दोनशे वेळा चालवून पाहिलं."

"मग उगाच खटाटोप केलास म्हणायचा." थोरलीला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

"नोंदींत काही चुकलं तर नाही ना?"

"एकोणीस वर्षांत माझी एक नोंद चुकलेली नाही."

"मीही बड्या डॉक्टरांना तेच सांगितलं." धाकटी बाकावर टेकली. "आता बोलायला हरकत नाही. तुम्हाला आधी कळलं असतं तर तुमचे आकडे कोणी खरे मानले नसते. तुमची जागा रद्द करून इथे टोकनचं मशीन बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, थांबा, ताई असतानाची रांग आणि गुरुवारची रांग शेजारी शेजारी ठेवून दाखवते. त्यासाठीच तर हे काम घेतलं होतं मी."