अमेरिकेतली पहिली बायको

नव्या राज्यघटनेने धर्माचं स्वातंत्र्य दिलंय असं कानावर आलं आणि कुळगावचा गिरणीवाला हरिचंद्र दुसऱ्या लग्नाच्या तयारीला लागला. जांभूळ गावची मुलगी पाहूनही झाली. आता तो चिंतामणी वकिलांच्या ओटीवर ऐसपैस बसला होता. बायको अंजनी दाराशी उभी होती. संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला त्याने तिला मुद्दाम आणलं होतं.

"दुसऱ्या बायकोला बंदी करणारा मुंबई सरकारचा कायदा आडवा येतो म्हणता, पण घटना त्याच्याहून मोठी ना?" हरिचंद्र म्हणाला. "पोर होत नसंल तर दुसरी करायला आपल्या धर्मात मोकळीक हाय. आणि हिची ना नाय."

वकिलांना असा वाद म्हणजे मेजवानीच. "हरिचंद्र, हे सगळं अमेरिकेत होऊन गेलंय. तिथल्या एका पंथात अनेक बायका करायची रीत होती. एकाने दुसरी केली, पकडला गेला. म्हणाला, माझ्या धर्माची आज्ञा आहे. त्यांच्याही घटनेत धर्माचं स्वातंत्र्य आहेच. पण वरच्या कोर्टाने सांगितलं, मनात काय मानायचं ते मान, कायदा मोडलास तर तुरुंगात जाशील. आपल्या घटनेत तर समाजसुधारणेचे कायदे करायची मुभा सरकारला लिहूनच दिली आहे. तू तिथल्यापेक्षा लवकर आत जाशील."

"ती ख्रिस्ती माणसं, त्यांचं आपल्याला काय?" हरिचंद्र हटेना. "घरातलीच गप असली तर तक्रार कोण करतंय? तुम्ही कागद करा."

"वकीलसाहेब," दाराशी उभ्या अंजनीने विचारलं, "त्या माणसाची पहिली बायको कोर्टात काय बोलली?"

वकील आठवू लागले. तो निकाल त्यांनी दोनदा वाचला होता. त्यात धर्म होता, राज्य होतं, इंग्लंडचे जुने कायदेसुद्धा होते.

"तिचं म्हणणं त्यात कुठेच नाही," ते म्हणाले. इतक्या वेळात आपणही हिला काही विचारलं नाही, हे लक्षात येऊन ते ओशाळले.

"अंगठा दे आणि चल," हरिचंद्र खेकसला.

अंजनी आत आली आणि सरळ वकिलांसमोर उभी राहिली.

"माझं म्हणणं लिवा. मी अंजनी. हरिचंद्राची लग्नाची बायको. माझी संमती नाय."

उखाण्यावाचून नवऱ्याचं नाव तिने आजवर कधी घेतलं नव्हतं.