कावळ्याचं तिकीट

"खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत," फाटकावरचा पहारेकरी म्हणाला आणि त्याने सुपातल्या भाताकडे बोट दाखवलं.

"हाऊ आमले खावाना नही शे," धुरपदाबाई म्हणाली.

तिच्या मागे मुलगा लीलाधर उभा होता, नुकतंच डोकं भादरलेला. त्याच्या मागे भटजी आणि भाऊबंद. आज तिच्या नवऱ्याचा, झुलाल आबाचा दहावा. गावातल्या प्रत्येकाचा दहावा या तळ्याच्या घाटावरच व्हायचा. पण दोन हिवाळ्यांमागे तळं पाणपक्ष्यांसाठी राखीव झालं. कोणाकोणासाठी राखीव, हे विचारायचं नसतं. दिवाळीपासून होळीपर्यंत गावाला बांधावर बंदी, आणि धुळ्या-जळगावच्या गाड्यांना तिकीट काढून वाट मोकळी.

आबा घाटाच्या या वाटेसाठी दोन वर्षं भांडला. पक्ष्यांशी त्याचं काही वाकडं नव्हतं. थंडीत चक्रवाकाची जोडी उतरली की तोच आधी गावभर सांगत सुटायचा. त्याचं म्हणणं एवढंच, "मना बापले आठेच पानी दिन्हं. माले बी आठेच देज्यात." आठे म्हणजे इथे, याच घाटावर. ऐकलं कोणी नाही. अर्ज करून चपला झिजल्या आणि ऐन मार्गशीर्षात, म्हणजे बंदीच्या मोसमातच, आबा गेला. मेल्यावरही त्याने वाद सोडला नाही म्हणायचा.

पहारेकऱ्याने पाटीवर हात ठेवला. 'फक्त पक्षीनिरीक्षकांना प्रवेश.'

धुरपदाबाईने पाटी लीलाधरकडून वाचून घेतली. मग पदराची गाठ सोडून ती तिकिटाच्या खिडकीशी गेली आणि तिने मागच्या सगळ्यांकडे हात केला.

"बठ्ठासना तिकिटं दे. आम्ही पक्षी देखाले उनूत."

"कोणता पक्षी, आजी?"

"कावया."

पहारेकऱ्याने नियमांचा फलक वरून खाली वाचला. कावळा चालत नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने तिकिटं फाडली आणि सुपाकडे काणाडोळा केला.

घाटावर पळसाच्या पानावर पिंड मांडले गेले. बाजूला आबाच्या आवडीचं भरीत, कळण्याची भाकरी आणि विड्यांचं बंडल. पलीकडे मनोऱ्यावर लांब नळीचे कॅमेरे घेतलेली मंडळी बदकं सोडून इकडेच पाहू लागली. एवढ्यात राखीव क्षेत्राचे अधिकारी हेमराज साहेब जीपमधून उतरले. चांगलेच तापलेले होते. पण साहेब मूळचे पाचोऱ्याकडचे, आणि मांडलेले पिंड उचलायला लावील असा माणूस खान्देशात अजून जन्माला यायचा आहे. त्यांनी बूट काढले.

"यंदापुरतं चालवून घेतो," ते म्हणाले. "कावळा शिवला की लगेच निघायचं. आणि पुन्हा कोणासाठीही हे फाटक उघडणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

सगळे मागे सरकले. बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना. साहेब सारखे घड्याळाकडे पाहत होते.

लीलाधरने हात जोडले. "आबा, मायले अंतर देवाव नही."

कावळे बसून राहिले.

"आबा, वावर ईकाव नही."

एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. आबा हयातीतही असाच होता. एकदा हटून बसला की जावई आला तरी उठायचा नाही.

आबाचा चुलतभाऊ हिलाल नाना पुढे झाला. "त्याना जीव कसामा अडकेल शे, बठ्ठासले माहीत शे. साहेब, वाट मोकळी करसू, इतलं तुम्हीच बोला."

साहेब गोरेमोरे झाले. पिंडासमोर दिलेला शब्द म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो शब्द फिरवता येत नाही. फिरवला तर माणूस आपल्याच घरात नीट जेवू शकत नाही.

"माझ्या हातात नाही ते," ते म्हणाले. "भटजी, दर्भाचा कावळा करा ना. शास्त्रात आहे. करा आणि मोकळे व्हा."

भटजींनी पिशवीत हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," धुरपदाबाई म्हणाली. "तिकीट खरा पक्षी देखाले काढेल शे."

ती पिंडाजवळ जाऊन खाली बसली आणि एकटक साहेबांकडे पाहू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळं पाणी आटून तिथे आता नुसता राग होता, आणि तो तिला शोभत होता. साहेबांनी मान फिरवून तळ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात बाभळीवरचा सगळ्यात मोठा कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून तो पानाजवळ आला. कोणी तोंडाशी पदर नेला, कोणी डोळे मिटून हात जोडले. कावळ्याने मान तिरकी करून चोच भाताकडे नेली.

"सुटलो बुवा!" साहेबांनी निःश्वास टाकला आणि ते बुटांकडे वळले.

धुरपदाबाईने हातातला पदर सटकन झाडला. कावळा दचकून फडफडत मागे उडाला. भाऊबंद हादरले. "माय, काय करस?" लीलाधर ओरडला. पिंडाला आलेला कावळा उडवून लावणारी बाई कोणी जन्मात पाहिली नव्हती.

ती मात्र साहेबांवरची नजर न हलवता कावळ्याशीच बोलली.

"थांबा वो, लीलाधरना बाप! साहेबनी आजून शब्द दिन्हा नही."