मुदुमलईतली अंगाई

राजाजीनगरात वेणुगोपालचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि घरी चार वर्षांची दिव्यश्री. तिला थोपटताना तो शीळ घालून एक अंगाई म्हणायचा. चाल त्याची स्वतःची होती आणि अर्धीच होती, कारण लेकीच्या आधी बापालाच झोप लागायची. त्यावरून बायको, कृष्णवेणी, त्याला भारी चिडवायची.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात तिघं फियाट घेऊन डोंगरातली जंगलं बघायला निघाली. बंडीपूरला हत्ती दिसले. दुपारी मुदुमलईत रस्त्याकडेला चितळांचा कळप दिसला, म्हणून वेणुगोपालनं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात बांबूच्या बेटातून तीच शीळ ऐकू आली.

"अहो, तुमची अंगाई!" कृष्णवेणी हसली. "पाखरानंसुद्धा उचलली की!"

त्यालाही गंमत वाटली. पण शीळ त्याच्या नेहमीच्या जागी थांबली नाही. त्याला कधीच न सुचलेल्या सुरांवरून ती सहज पुढे गेली.

एकेक चितळ पाय मुडपून खाली बसलं आणि मान टाकून निजलं. माकडंही गप्प झाली. कृष्णवेणीचं डोकं अलगद त्याच्या खांद्यावर टेकलं.

"कृष्णे, जरा ऊठ गं," तो म्हणाला. ती गाढ झोपली होती. त्यानं किल्लीकडे हात नेला, पण हात जडावून मांडीवर पडला.

मागून एक इवलासा तळवा त्याला थोपटू लागला.

"झोपा अप्पा," दिव्यश्री बांबूच्या बेटाकडे बघत लाडानं म्हणाली. "तुम्ही झोपलात की पुढचं रोज हाच म्हणतो."