जेवणाची सुट्टी

सुरगाण्याचा मन्साराम एका सिनेमात गुहेतला राक्षस झाला होता. नाशिकला त्याच सिनेमाचा दुपारचा खेळ बघायला तो एकटाच आला.

"बाबा, आत कुणीच नाहीये. कुठंही बसा," दारावरचा म्हणाला.

"असू दे. सवय हाय."

शूटिंगला रबरी कातडं उतरवायला तास लागे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर जात आणि हा गुहेतच बसून राही. रोज कुणीतरी मागून पाठीवर हात ठेवायचं. तेवढाच जिवाला आधार.

पडद्यावर तो त्याच दगडावर पाठमोरा बसलेला दिसला. अंधारातून दुसरा राक्षस आला आणि त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कातडं तर एकच शिवलं होतं.

मन्सारामनं मान वळवली नाही. पाठ आणि खुर्चीच्या मध्ये हात मावेल इतका तो पुढे सरकून बसला.