एकसष्टावा फोटो

बाबांच्या फर्निचरच्या दुकानाची वेबसाइट त्यांच्या लेकीनेच केली. दृष्टी नसलेल्या माणसाला त्याचा फोन फोटोला जोडलेलं वर्णन वाचून दाखवतो, म्हणून प्रत्येक फोटोला वर्णनाचा एक रकाना होता. फोटो एकसष्ट. दुसऱ्याच कपाटाला तिला कंटाळा आला. रकाना रिकामा नसला की तपासणीचं सॉफ्टवेअर खूश, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तिने सगळीकडे नुसतं ‘फोटो’ असं चिकटवलं आणि हिरवी खूण मिळवली. बाबांची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. ते कशाला वेबसाइट उघडतायत!

बाबा सकाळीच फोन कानाशी धरून बसले.

"फोटो," फोन म्हणाला. बाबांनी बोट सरकवलं. "फोटो." पुन्हा सरकवलं. असं एकसष्ट वेळा. समोर बसलेल्या लेकीची मान काही वर होईना.

"झकास झालंय गं," बाबा म्हणाले. "यात मी केलेला तुझा पाळणा कितवा? आयुष्यात मनासारखं काही जमलं असेल, तर ते तेवढंच."

पाळणा जुनाट दिसतो म्हणून तिने त्याचा फोटो वेबसाइटवर घेतलाच नव्हता.

"शेवटचा," ती पुटपुटली.

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक मोजत. एकसष्टाव्या ‘फोटो’ला थांबले, हसले आणि रंधा मारलेल्या फळीवरून फिरवावा तसा अंगठा दुकानाच्या शटरच्या फोटोवरून फिरवत राहिले.