गुरुवारचं मौन

"अंकल, आपका नाम बोलो," नर्सने तिसऱ्यांदा विचारलं. लक्ष्मणराव छताकडे बघत राहिले.

"आज गुरुवार है ना, सिस्टर," त्रिवेणीबाई पुढे होऊन म्हणाल्या. "बारा बजे तक बात नई करते उनो. बारा बरस का नेम है."

नेम खरा होता. नारायणगुड्याच्या शाळेत छत्तीस वर्षं मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्यावर मास्तर निवृत्त झाले आणि म्हणाले, पुष्कळ बोललो, आता गुरुवारची सकाळ दत्तमहाराजांची. तेव्हापासून गुरुवारी बारापर्यंत तोंडातून शब्द नाही. चुका काढायला मात्र मौन आड येत नसे. त्रिवेणीबाई मुद्दाम काहीतरी चुकीचं साल सांगायच्या. मास्तर तर्जनी नाचवायचे, पाटी शोधायचे, खडू मोडायचे. तोंड काही उघडायचे नाहीत.

काल रात्रीही, या पलंगावर पडल्या पडल्या, त्यांनी चांगलं खणखणीत बजावलं होतं, "उद्या गुरुवार आहे. या लोकांना सांगून ठेव."

"डॉक्टर गुस्सा करते, अम्मा," नर्स म्हणाली. "हर घंटे को बात कराके देखना बोले."

"मैं बोल रही ना. कुछ नई होता."

नर्सला ते पटलं नाही. डॉक्टरांना विचारते म्हणून ती फोनकडे गेली.

त्रिवेणीबाईंनी पांघरूण सारखं केलं. मग पुन्हा सारखं केलं. मेंदूकडे रक्त नेणारी डावीकडची नळी अरुंद झाली होती, तिच्यात कालच स्टेंट बसवला होता. उजव्या मनगटातून तार आत घातली होती, म्हणून त्या हाताला घट्ट पट्टा होता आणि तो हलवायची मनाई होती. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. नळी पुन्हा बंद झाली तर आधी वाचा जाईल, आणि मग एकेक मिनिट महाग पडेल. पहिला दिवस यांना बोलतं ठेवा.

बोलतं ठेवा. आणि वार आला तो नेमका गुरुवार.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर शांत होते. गुरुवारी ते इतके शांत कधीच नसत. 

"अहो," त्या वाकून म्हणाल्या, "आपलं लग्न नांदेडला झालं ना? ब्याऐंशी साली?"

लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि मान डोलावली.

चुकीच्या सालाला मान डोलली होती. त्रिवेणीबाईंनी आणखी एक विचारलं.

"आणि मी वयाने तुमच्याहून मोठी, हो ना?"

मास्तरांनी त्यालाही मान डोलावली.

"सिस्टर!" त्रिवेणीबाई ओरडल्या. अख्ख्या वॉर्डाने वळून पाहिलं. "मौन नई है ये. उनो हाँ बोले. पैंतालीस बरस में मेरे को कभी हाँ नई बोले!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी पट्टा बांधलेला हात वर उचलून सोडला, तो धप्पकन गादीवर पडला. पट्ट्यामुळे त्यातली ताकद गेल्याचं कोणाला कळलंच नव्हतं. पलंग ढकलत नेला.

मुलगा केदार दिलसुखनगरहून पोचला तेव्हा त्रिवेणीबाई कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होत्या.

"आई, बस ना थोडं. पाणी पी."

"मीच सांगितलं रे, मौन आहे म्हणून. ती पोर बिचारी विचारत होती. मीच तिला गप्प केलं." त्या खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. "आता हे बोललेच नाहीत तर मी काय करू?"

केदार पाण्याची बाटली धरून त्यांच्या मागे मागे फिरत राहिला.

डॉक्टर बाहेर आले. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी अडकली होती, ती काढली, नळी उघडली. वेळेत कळलं म्हणून हात वाचला, म्हणाले. वाचेचं मात्र शुद्धीवर आल्यावरच समजेल.

सव्वाअकराला आत बोलावलं. लक्ष्मणरावांचे डोळे उघडे होते.

"मास्टरजी, नाम बोलिए," डॉक्टर म्हणाले.

उत्तर नाही.

"ये कौन हैं? पहचाना?"

लक्ष्मणरावांनी बायकोकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच. डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं आणि नर्सने मान खाली घातली. केदारने आईचा दंड धरला.

गुरुवार अजून सरला नव्हता. हे मौन देवाचं की दुखण्याचं, ते आता त्रिवेणीबाईंनाही सांगता येईना. त्यांनी दंड सोडवून घेतला आणि पलंगाचा कठडा धरला. मग त्यांनी विचारलंच.

"अहो, आपलं लग्न नांदेडचं ना? ब्याऐंशी सालचं?"

लक्ष्मणरावांच्या कपाळाला आठी पडली. डाव्या हाताने त्यांनी उशाशी काहीतरी चाचपलं. तिथे पाटी नव्हती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे.

"एकोणऐंशी," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, शब्द स्वच्छ. "आणि नांदेड नाही. बीदर."

बारा वाजायला अजून चाळीस मिनिटं होती.